फेल्टची हॅट आणि किटलीची वाफ

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

भिंगारला माझं दुकान आहे असं सांगितलं, की लोक विचारतात, "कशाचं?" मी म्हणतो, "टोप्यांचं." मग समोरच्याच्या डोळ्यांपुढे पांढरी टोपी येते. त्यात त्याचा दोष नाही. आपल्या नगर जिल्ह्यात टोपी म्हणजे खळ दिलेली, कडक इस्त्रीची, होडीसारखी दोन्हीकडे धार काढलेली टोपी. ती आम्ही कधी विकली नाही. आमचं दुकान कॅम्पाच्या कडेला. गिऱ्हाईक बहुतेक लष्करातलं. बिल्ले, फिती, पट्टे, शिट्टीच्या दोऱ्या आणि जवान घालतात त्या काळ्या लोकरी बेरेट टोप्या. याशिवाय वडिलांच्या वेळेपासून चालत आलेलं एक काम म्हणजे फेल्टच्या हॅट दुरुस्त करणं, त्यांचा बसलेला आकार पुन्हा उठवणं.

हे काम आता वर्षाला चार-पाचदा येतं. कुणाच्या आजोबांची हॅट माळ्यावरच्या ट्रंकेत सापडते, कुणाचा मुलगा परदेशातून नवी घेऊन येतो, कुणाला नाटकासाठी हवी असते. आलेल्या पाचांपैकी तीन हॅट घरच्यांनीच, अगदी मायेनं, बिघडवलेल्या असतात. कुणी पाण्यात बुडवून काढते, कुणी इस्त्री फिरवते, कुणी उन्हात वाळत घालते. म्हणून आज हॅटबद्दलच बोलायचं ठरवलं.

पण दुसऱ्यांच्या चुका सांगण्याआधी माझी सांगतो. १९७४ साली मी एक हॅट मोडली.

मी तेव्हा तेवीस वर्षांचा. वडील, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, कामासाठी पुण्याला गेले होते. एप्रिलची सुरुवात होती. चाळिशीतले एक गृहस्थ दुकानात आले, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली राखी रंगाची हॅट. त्यांचे वडील कॅम्पातल्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. १९४७ला साहेब लोक निघाले तेव्हा त्यांच्या सामानाचे लिलाव झाले, त्यात त्यांनी ही हॅट घेतली होती. बाबासाहेबांचे सूट-बूट आणि हॅटमधले फोटो आपण सगळ्यांनी पाहिलेत. त्या काळी ज्या माणसाला चावडीपुढून डोक्यावरचं काढून जावं लागत होतं, त्यानं डोक्यावर हॅट ठेवून बाजारातून चालणं ही साधी गोष्ट नव्हती. ते गृहस्थ सांगत होते, "भिंगारच्या बाजारातून वडील हॅट घालून पहिल्यांदा गेले, त्या दिवशी आई घरात दार लावून बसली होती." १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला दीक्षेच्या सोहळ्याला जातानाही हीच हॅट डोक्यावर होती. वडील आदल्या वर्षी वारले होते. जयंतीला त्यांच्या फोटोशेजारी हॅट ठेवायची होती. "जरा व्यवस्थित करून द्या, मास्तर," म्हणाले. शिंप्याला मास्तर म्हणतात तसं आम्हालाही म्हणतात. मला त्या वयात कुणी मास्तर म्हटलं याचंच जास्त अप्रूप.

नानांची वाट बघायला हवी होती. मी बघितली नाही. हॅटच्या माथ्यावरची मधली घडी पसरट झाली होती. पुढच्या बाजूचे दोन खळगे, जिथे चिमटीत धरून माणूस हॅट उचलतो, तेही वेडेवाकडे झाले होते. मी ओलं फडकं टाकून इस्त्री फिरवली, टोपीला फिरवतात तशी, आणि मग ते खळगे नीट टोकदार दिसावेत म्हणून बोटांनी चिमटा घेऊन दाबले. डावीकडून आवाज आला. फार मोठा नाही, वाळलेलं पान चुरगळल्यावर येतो तेवढाच. हात काढला तर पेराएवढी चीर.

असं का झालं, हे कळायला फेल्ट म्हणजे काय ते आधी समजून घ्यावं लागतं.

आपल्या घरात घोंगडी असते. घोंगडीला ताणा-बाणा असतो, ती मागावर विणतात, कडेचा एक धागा ओढला तर निघतो. माझ्या आजीकडे बुरणूस होता. जुन्या माणसांना आठवत असेल. जाडजूड, लोकरीचाच, पण त्याचा धागा निघायचा नाही. कारण त्यात धागा नव्हताच. लोकर पिंजायची, पसरायची, गरम पाणी आणि साबण शिंपडायचा, आणि गुंडाळून, दाबून, लाटून, पुन्हा उलगडून पुन्हा लाटायची. लोकरीच्या केसावर अगदी बारीक खवले असतात, माशासारखे, एकाच दिशेला झुकलेले. ओलावा, ऊब आणि घासणं मिळालं की एक केस दुसऱ्यात सरकतो आणि खवल्यांमुळे मागे येऊ शकत नाही. हजारो केस असे एकमेकांत अडकले की कापड तयार होतं. काश्मीरचा नमदा असाच, बुरणूस असाच आणि साहेबाची हॅटही अशीच. भारी हॅटमध्ये मेंढीच्या लोकरीऐवजी सशाची किंवा बीव्हर नावाच्या पाणप्राण्याची लव वापरतात, पण तत्त्व एकच.

म्हणजे हॅट शिवलेली नसते, विणलेली नसते. ओल्या, गरम फेल्टचा एक शंकू करतात, तो लाकडी डोक्यावर ओढून बसवतात आणि तिथेच वाळू देतात. आमच्या दुकानात नानांनी जमवलेली अशी सात लाकडी डोकी फळीवर ओळीनं ठेवलेली असायची. संध्याकाळी दिवे गेले की शेजारची पोरं दुकानाच्या आत पाऊल टाकायची नाहीत.

आता लोकर आणि माणसाचा केस ही एकाच जातीची वस्तू आहे. दोन्हींत केराटिन नावाचं प्रथिन असतं. आपल्या घरातल्या मुली ओल्या केसांची घट्ट वेणी घालून झोपतात. सकाळी वेणी सोडली की केस लाटालाटांचे. रात्री काय झालं? पाण्यानं केसाच्या आतले बारीक बंध सुटले, वेणीच्या वळणावर केस वाळले, आणि बंध त्या नव्या वळणात पुन्हा जुळले. हॅटला घडी घालणं याहून वेगळं काहीच नाही. वाफेनं फेल्ट सैल करायचं, हवा तो आकार द्यायचा आणि निवेपर्यंत हात लावायचा नाही. जोर कुठेच लागत नाही. जिथे जोर लावावा लागतोय तिथे वाफ कमी पडली आहे, असं नाना म्हणायचे.

आणखी एक गोष्ट. बऱ्याच हॅटना कडकपणा यावा म्हणून फेल्टमध्ये लाख मुरवलेली असते. तीच लाख, जी आपल्या झारखंड-छत्तीसगडकडच्या पळस-कुसुमाच्या झाडांवर किडे करतात आणि जिच्या बांगड्या होतात. जगभरातल्या हॅटवाल्यांना ही लाख मुख्यतः हिंदुस्थानातूनच जायची. म्हणजे साहेबाच्या हॅटचा ताठा आपल्याकडच्या पळसाच्या फांदीवरून गेलेला. लाख साधारण सत्तर-ऐंशी अंश उष्णतेला मऊ पडते आणि निवली की पुन्हा घट्ट होते. थंड असताना मात्र ती काचेसारखी. वाकवली तर तडकते. मी १९७४ला काय केलं ते आता लक्षात आलं असेल. कोरड्या इस्त्रीच्या झळेनं जुनी, आधीच वाळलेली लोकर आणखी ठिसूळ केली, फडकं वाळेपर्यंत इस्त्री तशीच ठेवली, आणि निवलेल्या फेल्टला चिमटा घेतला. पांढऱ्या टोपीच्या सुती कापडाला जे चालतं ते मी लोकरीला केलं.

वाफेसाठी यंत्र लागत नाही. चहाची किटली पुरते, जिला लांब नळी आहे अशी. प्रेशर कुकरची शिट्टी काढून त्यावर हॅट धरणारे लोक मी पाहिलेत. ते करू नका. एक तर हात भाजतो, आणि ती वाफ इतक्या जोरानं एकाच जागी बसते की तिथली लव बसून चट्टा पडतो.

किटलीला उकळी फुटायच्या आधी दोन कामं उरकून घ्यावीत. पहिलं म्हणजे धूळ. मऊ ब्रशनं, लव ज्या दिशेला झोपते त्या दिशेनं झाडायची. बहुतेक हॅटवर ती घड्याळाच्या काट्याच्या उलट दिशेला असते. हात फिरवला की कळतं, मांजराच्या पाठीवर कळतं तसं. धुळीसकट वाफ दिली तर धुळीचा चिखल होऊन तो लोकरीत कायमचा बसतो, आणि आपल्या भागातली काळी माती तर विचारूच नका. दुसरं काम महत्त्वाचं. हॅटच्या आत कपाळाला टेकणारी एक चामड्याची पट्टी असते. ती सदऱ्याच्या बाहीसारखी उलटी करून हॅटच्या बाहेर, खालच्या बाजूला काढायची, म्हणजे वाफ तिला लागणार नाही. चामड्याला वाफ लागली की ते आकसतं, आणि एकदा आकसलं की परत येत नाही. हॅटचे नंबर सेंटिमीटरवर असतात, ५७, ५८, ५९ असे. एक नंबर म्हणजे फक्त एक सेंटिमीटर. पट्टी एवढीशी आकसली की कालपर्यंत बसणारी हॅट आज कपाळावर वळ उठवते. "डोकं वाढलं वाटतं," म्हणत येणारी गिऱ्हाइकं मला ठाऊक आहेत.

मग हॅट वाफेवर धरायची. नळीच्या तोंडापासून वीतभर लांब, आणि सतत हलती. एका जागी पंधरा-वीस सेकंद पुरतात. बोट लावून बघायचं. फेल्ट उबदार, किंचित दमट आणि ताज्या भाकरीच्या पापुद्र्यासारखं लवचीक लागलं की झालं. पाण्याचे थेंब दिसायला लागले तर जास्त झालं. आधी जुनी घडी आतून मूठ घालून हळूच वर उचलायची, म्हणजे माथा गोल, उघडा होतो. पुष्कळ लोक ही पायरी गाळतात आणि जुन्या घडीशेजारी नवी घालतात. मग हॅटला दोन घड्या दिसतात, नापास झालेल्या पाटीवर पुसून लिहिल्यासारख्या.

माथा उघडा झाला की पुन्हा थोडी वाफ द्यायची आणि तळहाताच्या कडेनं, करंगळीच्या बाजूनं, माथ्याच्या मधोमध पुढून मागे हलका दाब द्यायचा. कडेनं, बोटांनी नाही. बोटाचं टोक फेल्टमध्ये खड्डा पाडतं, कड सलग वळण देते. मधली घडी बसली की पुढचे दोन खळगे. इथे सगळ्यांचा हात चुकतो. चिमटा घ्यायचा नाही. दोन्ही हातांची बोटं जुळवून, त्यांची सपाट बाजू माथ्याच्या दोन बाजूंना टेकवायची आणि नमस्कार करताना तळवे जवळ येतात तशी जवळ आणायची. वरून पाहिलं तर माथा पाण्याच्या थेंबासारखा दिसतो, पुढे निमुळता, मागे रुंद. ही फेडोराची ठेवण. मग हॅट खाली ठेवायची आणि चहा प्यायला जायचं. नाना खरोखर जायचे. दहा-पंधरा मिनिटं तिच्याकडे बघायचंही नाही, कारण बघितलं की हात जातो.

फेडोरा हे नाव एका नाटकावरून आलं. १८८२ साली पॅरिसला सार्दू या नाटककाराचं 'फेदोरा' नावाचं नाटक आलं. त्यात सारा बर्नहार्ट ही त्या काळची प्रख्यात नटी नायिका होती. तिच्या हॅटवरून हे नाव रूढ झालं. म्हणजे पुढे गुंडांच्या आणि गुप्तहेरांच्या सिनेमांनी पुरुषी ठरवून टाकलेली ही हॅट नावापुरती तरी बाईची. इटलीतल्या अलेस्सांद्रिया गावी बोर्सालिनो नावाचा कारखाना १८५७पासून या हॅट करत आला आहे. साहेबांच्या लिलावात त्यांचं नाव असलेली हॅट निघाली की जास्त बोली लागायची, असं नाना सांगत. ते लहानपणी कॅम्पातल्या एका दुकानात झाडलोट करायला होते. तिथल्या कारागिराचं बघून बघून शिकले. कुणी शिकवलं नाही. शिकवण्याची पद्धत नव्हती, बघू दिलं हेच खूप.

काठाचं थोडक्यात. काठाला वाफ देऊन पुढची बाजू किंचित खाली आणि मागची वर वळवायची. लहर आली असेल तर टेबलावर जाड सुती फडकं घालून, वरून दमट फडकं टाकून, मंद इस्त्री उचलून-उचलून ठेवायची. फिरवायची नाही. फिरवली की फेल्ट ताणलं जातं आणि काठ फुलकीच्या कडेसारखा लाटांचा होतो.

आमच्याकडच्या बेरेट टोपीची गोष्ट जरा वेगळी, पण बहीण तीच. भिंगारशेजारीच लष्कराचं चिलखती दलाचं केंद्र आणि विद्यालय आहे. रणगाड्यांचं संग्रहालय बघायला शाळेच्या सहली येतात, ते १९९४ला सुरू झालं. रणगाड्यातल्या माणसाला काठाची टोपी चालत नाही. आतली जागा कमी, डोळा दुर्बिणीला लावायचा तर काठ आडवा येतो. आणि काळा रंग का, तर तेलाचे डाग दिसत नाहीत. ब्रिटिशांच्या रणगाडा दलानं १९२४ साली ती घेतली, तिथून आपल्याकडे आली. ही टोपी आधी लोकरीची विणतात आणि मग गरम पाण्यात मळून-मळून तिचं फेल्ट करतात. नवी टोपी म्हणजे तव्यावरून उतरलेली भाकरी. रंगरूट पोरं ती घालून आरशात बघतात आणि हिरमुसतात.

मग बराकीत जुना जवान शिकवतो. कोमट पाण्यात टोपी भिजवायची, पण चामड्याची कड कोरडी ठेवून. पिळायची नाही, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढायचं. डोक्यावर घालायची, बिल्ला डाव्या डोळ्याच्या वर, आणि उरलेलं कापड उजवीकडे खाली ओढून बसवायचं. तशीच डोक्यावर वाळू द्यायची. तासभर तरी बसून राहावं लागतं. दरवर्षी एक-दोघं घाई करतात. उकळतं पाणी घेतात किंवा उन्हात दगडावर ठेवतात. मग तीच पोरं दुकानात येतात, हातात लहान मुलाला बसेल एवढी टोपी घेऊन. उकळत्या पाण्यात ती पुन्हा मळली जाते आणि खवले आणखी घट्ट बसतात. तिला मोठं करायचा उपाय माझ्याकडे नाही. नवी घ्यावी लागते. मी पैसे घेतो, पण हसत नाही. मीही हॅट मोडलेला माणूस आहे.

आता जुन्या हॅटबद्दल एक सावधगिरी, जी नानांना ठाऊक नव्हती आणि मलाही फार उशिरा वाचून कळली. पूर्वी सशाची लव चटकन फेल्ट व्हावी म्हणून तिला पाऱ्याचं एक क्षार लावत. कारखान्यातल्या कामगारांना तो पारा वाफेतून फुप्फुसात जाऊन हात थरथरणं, बोलणं अडखळणं, विसर पडणं असे विकार होत. इंग्रजीत डोकं फिरलेल्या माणसाला हॅटवाल्याची उपमा देतात, तिचा संबंध लोक याच रोगाशी लावतात. अमेरिकेत १९४१ साली हा वापर थांबला. त्याच्या आधीच्या हॅटमध्ये पाऱ्याचा अंश अजून असू शकतो आणि उष्णता दिली की तो हवेत येतो. म्हणून ट्रंकेतून निघालेली साहेबी हॅट बंद खोलीत वाफवू नका. खिडकी उघडी ठेवा, किंवा अंगणातच करा, तोंड वाफेपासून लांब ठेवा, नंतर साबणानं हात धुवा. आणि "बघ आजोबांची हॅट" म्हणून लहान मुलांच्या डोक्यावर ठेवून फोटो काढण्याचा मोह आवरा. फार मोलाची जुनी हॅट असेल तर तिला वाफ न देता नुसती जपून ठेवणं बरं.

जपून ठेवणं म्हणजे कसं? खुंटीला टांगायची नाही, खुंटी माथ्यात टोक काढते. काठावर टेकवून ठेवायची नाही, काठ सपाट होतो. उलटी करून, माथ्यावर ठेवायची, आत जुन्या सुती कापडाचा बोळा. पावसात भिजली तर झटकायची, चामड्याची पट्टी बाहेर काढून त्या पट्टीवर उभी करायची, सावलीत, वाऱ्याला. केस वाळवायचं यंत्र नको, ऊन तर नकोच. आपल्याकडचा चैत्र-वैशाख लोकरीतला सगळा ओलावा शोषून घेतो, आणि पावसाळ्यात कसर लागते. कसरीला घामाचे आणि तेलाचे डाग आवडतात, म्हणून ठेवण्याआधी झाडणं महत्त्वाचं. कडुनिंबाच्या पाल्यावर भिस्त ठेवू नका. डांबराच्या गोळ्या ठेवायच्या तर कागदात गुंडाळून, फेल्टला न टेकवता. खरा उपाय म्हणजे दर दोन महिन्यांनी बाहेर काढून बघणं.

आणि हॅट उचलायची ती काठ धरून, दोन हातांनी, पुढून आणि मागून. सिनेमातला नायक पुढच्या खळग्यांत बोटं घालून उचलतो, ते दिसतं छान. पण तीच जागा रोज दुमडून, बोटांच्या तेलानं मळून, शेवटी तिथेच भोक पडतं. जुनी फेल्ट हॅट कुठे फाटली असेल हे न बघता सांगता येतं.

नाना पुण्याहून आले. मी हॅट पुढे ठेवली आणि काय झालं ते सांगितलं. ते रागावले नाहीत. चीर उजेडात धरून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "अर्धी तू फाडलीस. अर्धी आधीच फाटली होती." भिंगातून दाखवलं. चिरेच्या आतल्या टोकाला लोकर झिजून जाळी झाली होती, मळून काळी पडली होती. म्हातारबुवांनी सव्वीस वर्षं तिथेच अंगठा आणि बोट ठेवून हॅट उचलली होती. त्या रात्री नानांनी वाफ दिली, चिरेच्या कडा जवळ आणल्या, आतून पातळ फेल्टचा तुकडा लावून राखी रेशमी दोऱ्यानं टाके घातले, असे की टाका बाहेर येऊ नये. मधली घडी मला घालायला लावली. हात कापत होता. "थरथरतोयस म्हणजे जोर लावायच्या तयारीत आहेस," म्हणाले. "हात ठेव नुसता." खळगे पुन्हा टोकदार केले नाहीत. डावीकडचा होता तसा, जरासा वाकडाच ठेवला.

गृहस्थ आले तेव्हा नानांनी हॅट दाखवण्याआधी चीर दाखवली. "माझ्या मुलाच्या हातून झालं. पैसे घेणार नाही," म्हणाले. मी मागे बिल्ल्यांच्या पेट्या उगाच इकडच्या तिकडे करत होतो. त्यांनी हॅट घेतली, आत बघितलं, बोट फिरवलं. रागावतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "इथेच धरायचे वडील." आणि पैसे ठेवून गेले. नानांनी परत करायला मला त्यांच्यामागे पळवलं, पण ते घेईनात.

दोन वर्षांपूर्वी त्यांचा नातू तीच हॅट घेऊन आला. तोपर्यंत आमच्या जिल्ह्याचं नावही बदलून अहिल्यानगर झालं होतं. नातू नोकरीनिमित्त बंगळुरूला असतो. त्यानं विचारलं, "काका, ही नव्यासारखी होईल का?" मी म्हटलं, "होईल, पण करणार नाही." टाके तसेच होते, दोरा मात्र जरा पिवळा पडला होता. मी दुकानाबाहेर पायरीवर किटली मांडली. मधल्या घडीला तोंड लांब ठेवून, अगदी थोडी वाफ दिली, तेवढीच, ती पुन्हा बसली होती म्हणून. खळग्यांना हात लावला नाही. कापडाचा बोळा आत घालून हॅट खोक्यात उलटी ठेवली, आणि आत्ता तुम्हाला सांगितलं ते सगळं त्याला सांगितलं. त्यानं मान डोलावली, मोबाइलवर लिहूनही घेतलं.

मग निघताना आईला फोटो पाठवायचा म्हणून त्यानं हॅट खोक्यातून बाहेर काढली. अंगठा आणि बोट बरोबर त्या दोन खळग्यांत.

"अरे बाबा, काठ," मी म्हटलं.

तो दचकला आणि त्यानं दोन्ही हातांनी काठ धरला.